वजिरापुढचे प्यादे, दोन घरे पुढे

पावसाळा लागला की शाळांमध्ये क्रीडा स्पर्धांची पत्रके येऊ लागतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या असतात, आणि वयोगट १४, १७ व १९ वर्षांखालचे. बुद्धिबळही त्यात आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूर विभागात मोडतात. म्हणजे जिल्ह्यातून पुढे गेलेल्या मुलाची गाठ विभागीय स्पर्धेत थेट नागपूरच्या खेळाडूंशी पडते, आणि नागपूर हे आज देशातल्या बुद्धिबळाचे मोठे ठाणे आहे.

तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्या फेरीचे दृश्य बहुतेक ठिकाणी सारखेच असते. शाळेच्या सभागृहात बाके जोडून रेक्झिनचे पट अंथरलेले. शिट्टी वाजते, राजापुढची प्यादी दोन-दोन घरे सरकतात, तिसऱ्या चालीला कुणाचा तरी वजीर बाहेर येतो आणि एफ७ च्या घरावर डोळा ठेवून चार चालींत मात करण्याचा प्रयत्न होतो. दहा मिनिटांत कितीतरी टेबले रिकामी होतात. जिंकलेल्या मुलाला वाटते, आपल्याला बुद्धिबळ आले. जिल्ह्याच्या स्पर्धेत समोरचा जी६ खेळून तो वजीर हुसकावून लावतो आणि मग पुढे काय करायचे, हेच त्याला सुचत नाही.

हा लेख त्या मुलासाठी, त्याच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. प्रशिक्षक जवळ नाही, स्पर्धा वर्षातून मोजक्याच, आणि सिरोंचासारख्या टोकाच्या तालुक्यातून गडचिरोली शहरच सुमारे दोनशे किलोमीटर. अशा खेळाडूने एकच सुरुवात निवडायची असेल, तर ती वजिराच्या प्याद्याची निवडावी. कारण सोपे आहे. राजाच्या प्याद्याच्या सुरुवातींमध्ये पाठांतर फार लागते. सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान, पेट्रोफ, स्पॅनिश अशा प्रत्येक उत्तरासाठी वेगळी तयारी हवी, आणि ती तपासून देणारे कुणीतरी शेजारी हवे. वजिराच्या प्याद्याच्या सुरुवातीत दोन-तीन रचना नीट समजल्या की डाव आपल्या विचाराने खेळता येतो.

विदर्भाची पावले

२६ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला. एका बाजूला कोनेरू हंपी, दुसऱ्या बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती. तिने वजिराचे प्यादे पुढे केले, हंपीने क्वीन्स गॅम्बिट (त्याची ओळख पुढे येते) स्वीकारला. दिव्याला चांगली संधी मिळाली, ती हातची निसटली आणि डाव बरोबरीत सुटला. दुसरा डावही बरोबरीत. २८ जुलैला जलद टायब्रेकमध्ये दिव्याने काळी मोहरी घेऊन दुसरा डाव जिंकला आणि २.५-१.५ अशी सरशी साधली. विश्वचषकाबरोबर तिला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टरही नागपूरचेच.

या सामन्यातून चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या खेळाडूने एक गोष्ट टिपून ठेवावी. दिव्याने पहिल्या डावात मोठी संधी गमावली, पण पुढचे तीन डाव तिने त्याच धीराने खेळले. वजिराच्या प्याद्याचे डाव लांबतात. त्यात एक चूक झाली म्हणून सगळे संपत नाही, आणि एक चांगली चाल सापडली म्हणून डाव लगेच जिंकलाही जात नाही. चार चालींत मात करण्यावर वाढलेल्या मुलाला ही सवय मुद्दाम लावावी लागते.

पहिली पाच पावले

पटाच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच अशी नावे आहेत आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. पांढरा वजीर डी१ वर उभा असतो. त्याच्यापुढचे प्यादे डी४ वर आले की मधली दोन घरे, सी५ आणि ई५, त्याच्या टप्प्यात येतात. शिवाय वजीर मागून त्याला आधार देत असतो. ई४ वर आलेल्या प्याद्याला असा आधार आपोआप मिळत नाही. या सुरुवातीच्या भक्कमपणाचे मूळ इथे आहे.

काळ्याने डी५ खेळले की पांढरा सी४ खेळतो. हाच क्वीन्स गॅम्बिट. गॅम्बिट हा शब्द इटालियन ‘गांबेत्तो’वरून आला. त्याचा अर्थ पायात पाय घालून पाडणे, आपल्या कुस्तीत टांग मारतात तसे. ही सुरुवात फार जुनी आहे. स्पेनमध्ये १४९७ साली छापलेल्या लुसेनाच्या ग्रंथातही ती सापडते.

सी४ वरचे प्यादे फुकट दिल्यासारखे दिसते, पण ते फुकट नाही. काळ्याने ते मारून जपायचा हट्ट धरला तर काय होते, हे प्रत्येकाने एकदा पटावर मांडून पाहावे. डी४ डी५, सी४ डी५ ने सी४ मारले, ई३ बी५, ए४ सी६, पांढऱ्या ए प्याद्याने बी५ मारले, सी प्याद्याने परत मारले. आता पांढरा वजीर एफ३ वर येतो. एफ३ पासून ए८ पर्यंतचा तिरपा रस्ता मोकळा आहे आणि त्याच्या टोकाला काळा हत्ती उभा आहे. तो वाचवायला घोडा किंवा उंट मध्ये टाकावा लागतो, आणि तोही मारला जातो. एका प्याद्याच्या लोभापायी एक मोहरा गेला. म्हणून काळ्याने सी४ मारले तरी ते सोडून द्यायची तयारी ठेवावी आणि त्या वेळात आपले मोहरे बाहेर काढावेत.

काळ्याने ई६ खेळून डी५ ला आधार दिला, तर पांढऱ्याने क्रमाने पाच कामे करावीत. घोडा सी३ वर, दुसरा घोडा एफ३ वर, काळ्या घरांचा उंट जी५ वर, मग ई३ आणि शेवटी उरलेला उंट काढून किल्लेकोट. जी५ वर जाणारा उंट बाहेर येण्याआधी ई३ खेळू नये, नाहीतर तो आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. एवढा एक क्रम पक्का झाला तरी पहिल्या दहा चाली निर्धास्त जातात.

हत्तीचा सापळा

२०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला, तेव्हापासून हत्तीची वाट ओळखणे इथल्या गावांना शिकावे लागले आहे. क्वीन्स गॅम्बिटमध्येही ‘एलिफंट ट्रॅप’, म्हणजे हत्तीचा सापळा, नावाची एक जागा आहे आणि नव्या खेळाडूंचा बळी ती हमखास घेते. तिची पहिली नोंद १८४८ साली बर्लिनमध्ये मायेट आणि हारविट्झ यांच्या डावात सापडते.

पट मांडून सोबत खेळावे. डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६, उंट जी५. आता काळा आपला दुसरा घोडा डी७ वर आणतो. पांढऱ्याला दिसते की काळा एफ६ चा घोडा हलला तर मागचा वजीर जाईल, म्हणजे डी५ ला त्या घोड्याचा आधार नावापुरताच आहे. तो सी प्याद्याने डी५ मारतो, काळा ई प्याद्याने परत मारतो, आणि पांढरा घोडा डी५ वरचे प्यादे उचलतो. इथेच फसगत होते. काळा एफ६ चा घोडा हलवून डी५ वरचा पांढरा घोडा मारतो. पांढरा उंट आनंदाने डी८ चा वजीर घेतो. आणि काळा उंट बी४ वर येऊन शह देतो.

शह वाचवायला पांढऱ्याकडे एकच उपाय उरतो, वजीर डी२ वर टाकणे. काळा उंट वजीर मारतो, पांढरा राजा उंट मारतो, काळा राजा डी८ वरचा उंट मारतो. हिशेब लावला की कळते, पांढऱ्याने एका प्याद्यासाठी एक घोडा गमावला.

या सापळ्यातून दोन धडे मिळतात. पांढऱ्याने फुकट दिसणारे डी५ मारण्याआधी बी४ वरचा शह पाहावा. आणि एखाद्या मोहऱ्याला पिन लागली आहे, म्हणजे तो हलूच शकत नाही, असे कधी गृहीत धरू नये. राजापुढची पिन अटळ असते. वजिरापुढची पिन मोडता येते.

मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे आणखी एक सापळा सध्या मुलांच्या हाती आला आहे. डी४ ला काळा ई५ खेळतो. पांढऱ्याने ते मारले की घोडा सी६, घोडा एफ३ नंतर वजीर ई७, उंट एफ४ नंतर वजीर बी४ वर शह, उंट डी२ नंतर वजीर बी२ चे प्यादे खातो. इथे पांढऱ्याने उंट सी३ वर आणून वजिरावर हल्ला केला की तो बुडाला. काळा उंट बी४ वर बसतो आणि पुढे वजीर सी१ वर मात करतो. बरोबर उत्तर घोडा सी३. मग काळाच अडचणीत येतो.

एकच जागा, दोन उत्तरे

प्रशिक्षक नसलेल्या मुलाला जुने, नावाजलेले डाव हाच सर्वांत चांगला शिक्षक. पण शंभर डाव वरवर पाहण्यापेक्षा दोन डाव पाठ होईपर्यंत मांडावेत. या लेखासाठी असे दोन डाव निवडले आहेत. दोघांतही सातव्या चालीच्या सुमारास पटावर नेमकी एकच जागा येते.

ती जागा अशी. पांढऱ्याची प्यादी सी४, डी४, ई३ वर. घोडे सी३ आणि एफ३ वर. उंट एच४ वर. काळ्याची प्यादी डी५, ई६, एच६ वर, घोडा एफ६ वर, उंट ई७ वर आणि किल्लेकोट झालेला. खेळी काळ्याची.

पहिला डाव २३ जुलै १९७२ चा, आइसलँडमधल्या रेक्याविकचा. जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यातला सहावा डाव, पांढरा बॉबी फिशर, काळा बोरिस स्पास्की. आयुष्यभर राजाचे प्यादे खेळणाऱ्या फिशरने त्या दिवशी सी४ ने सुरुवात केली आणि डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये नेला. वरच्या जागेत स्पास्कीने बी६ खेळले. कोंडलेला सी८ चा उंट बाहेर काढण्याचा हा टार्टाकोवरचा मार्ग. फिशरने सी प्याद्याने डी५ मारले, मग घोड्यांची आणि काळ्या घरांच्या उंटांची अदलाबदल झाली. काळ्याने सी५ खेळले. फिशरचा वजीर ए४ वरून ए३ वर गेला आणि सी५ चे प्यादे त्याच्यामागच्या ई७ वरच्या वजिराला बांधले गेले. थोड्या वेळाने फिशरने डी प्याद्याने सी५ मारले, काळ्याने बी प्याद्याने परत मारले. आता काळ्याकडे सी५ आणि डी५ ही दोन प्यादी शेजारी शेजारी उभी राहिली, आणि दोन्ही बाजूंना त्यांना आधार द्यायला प्यादे उरले नाही. बुद्धिबळात यांना लोंबकळती प्यादी म्हणतात.

धानाची बांधी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. पाणी अडवणारा धुरा दोन्ही टोकांनी जमिनीत रुतलेला असेल तर टिकतो. मध्येच उभा असेल तर पाणी कुठून तरी वाट काढतेच. अठराव्या चालीला फिशरचा घोडा डी४ वर आला. सी५ चे प्यादे त्याला मारू शकत नव्हते, कारण मागे वजीर उघडा पडत होता. घोड्याने ई६ चा उंट टिपला, आणि विसाव्या चालीला फिशरने ई४ खेळून धुऱ्यावर घाव घातला. स्पास्कीने डी४ असे पुढे सरकून प्यादे वाचवले, पण त्यामुळे सी४ चे घर कायमचे मोकळे झाले. फिशरचा उंट तिथे जाऊन बसला. एफ४, ई५ आणि एफ५ असे एकामागोमाग एक धक्के बसले, एफ पट्टी उघडली आणि दोन्ही पांढरे हत्ती तिच्यावर आले. अडतिसाव्या चालीला फिशरने हत्ती देऊन घोडा घेतला आणि काळ्या राजासमोरची शेवटची आडकाठी मोडली. एक्केचाळिसाव्या चालीला स्पास्कीने डाव सोडला आणि प्रेक्षकांबरोबर स्वतः टाळ्या वाजवल्या. त्या विजयाने फिशर सामन्यात पहिल्यांदा पुढे गेला, ३.५-२.५.

दुसरा डाव ११ मे २०१० चा, बल्गेरियाची राजधानी सोफियातला. विश्वनाथन आनंद आणि व्हेसेलिन टोपालोव्ह यांच्या सामन्यातला बारावा आणि शेवटचा. गुण बरोबरीत, ५.५-५.५. आनंदकडे काळी मोहरी. पटावर तीच जागा आली. आनंदने बी६ न खेळता घोडा सरळ ई४ वर नेला. हा एमानुएल लास्करचा बचाव. ज्याच्याकडे जागा कमी आहे त्याने मोहऱ्यांची अदलाबदल करावी, म्हणजे कोंडी सुटते, असा त्यामागचा विचार. टोपालोव्हला जलद डावांचा निकाल नको होता, म्हणून त्याने जोखीम घेतली. आनंदने एक प्यादे पुढे दिले, टोपालोव्हने ते मारले, आणि त्याच्याच राजासमोरच्या वाटा उघड्या पडल्या. आनंदने डाव जिंकून अजिंक्यपद राखले.

या सामन्याआधीची हकीकत दूरच्या गावातून स्पर्धेला निघणाऱ्या खेळाडूने लक्षात ठेवावी. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमाने बंद पडली होती. आनंद जर्मनीत अडकला आणि सुमारे ४० तासांचा रस्त्याचा प्रवास करून सोफियाला पोहोचला. तीन दिवस सामना पुढे ढकलण्याची विनंती त्याने केली, मिळाला एक दिवस. पहिला डाव तो हरला. तरीही शेवटच्या डावापर्यंत टिकून राहिला.

हे दोन डाव मांडण्याची पद्धत अशी असावी. सातवी चाल झाली की थांबावे. पुढच्या चाली कागदाने झाकाव्यात. आपण काय खेळलो असतो ते वहीत लिहावे आणि त्याचे कारण एका वाक्यात लिहावे. मग कागद एक ओळ खाली सरकवावा. पहिल्या दिवशी पाच-सहा चालीच बरोबर येतील. आठव्या-दहाव्या वेळी डाव हातात बसतो, आणि त्याबरोबर त्यामागचा विचारही.

ज्या रचना ओळखता आल्याच पाहिजेत

लोंबकळत्या प्याद्यांची रचना वर आली. आणखी दोन माहीत असाव्यात.

पहिली कार्ल्सबाड रचना. पांढऱ्याने सी प्याद्याने डी५ मारले आणि काळ्याने ई प्याद्याने परत मारले की ती तयार होते. वजिराच्या बाजूला पांढऱ्याकडे ए आणि बी अशी दोन प्यादी, काळ्याकडे ए, बी आणि सी६ अशी तीन. पांढऱ्याने हत्ती बी१ वर आणून बी४ आणि मग बी५ खेळावे. दोन प्याद्यांनी तिघांवर चाल करायची. बी५ वर मारामारी झाली की काळ्याचे एक प्यादे एकटे पडते, बहुधा सी६ वर, आणि पुढचे तीस डाव-पेच त्याच एका घरावर चालतात. काळ्याने दरम्यान राजाच्या बाजूला हल्ला करावा. घोडा ई४ वर रोवावा, हत्ती ई पट्टीवर आणावा. बसून राहिला तर तो हरेल.

दुसरी रचना एकट्या डी प्याद्याची. ज्याचे डी प्यादे एकटे आहे त्याने मोहरे पटावर ठेवून हल्ला करावा, घोडा ई५ वर न्यावा, संधी मिळताच प्यादे डी५ वर ढकलावे. ज्याच्यासमोर ते एकटे प्यादे आहे त्याने डी५ वर आपला घोडा बसवावा आणि मोहऱ्यांची अदलाबदल करत जावे. मोहरे जितके कमी होतील तितके एकटे प्यादे जपणे अवघड होते.

काळ्याने ठरावीक उत्तर दिलेच नाही, तर घाबरू नये. काळा घोडा एफ६ आणि जी६ खेळून किल्लेकोट करू लागला, तर पांढऱ्याने घोडा एफ३, उंट एफ४, ई३, उंट ई२, किल्लेकोट अशी लंडन पद्धतीची साधी मांडणी करावी. तालुका-जिल्हा पातळीवर ती पुरेशी आहे.

एकाच सुरुवातीचा कंटाळा येईल, अशी शंका काही शिक्षक काढतात. १९२७ साली ब्यूनस आयर्समध्ये कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जागतिक अजिंक्यपदाचे ३४ डाव झाले. त्यांतले ३२ क्वीन्स गॅम्बिट नाकारलेल्या प्रकारचे होते. जगातले दोन सर्वोत्तम खेळाडू अडीच महिने जवळजवळ एकाच सुरुवातीत एकमेकांना अजमावत राहिले.

आणि ही सुरुवात आपल्याकडच्या जुन्या खेळाला परकीही नाही. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई, त्यामुळे डाव सावकाश आणि बंदिस्त चाले. त्याच खेळावर वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान १९२९ मध्ये ब्रिटनला गेला, तीनदा ब्रिटिश विजेता झाला, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. तो डावही वजिराच्या प्याद्याच्या घराण्यातलाच होता. घरात आजोबा देशी पद्धतीने खेळत असतील, तर मुलाने त्यांच्याशी जरूर खेळावे. फक्त स्पर्धेचे नियम वेगळे आहेत, एवढे आधी समजून घ्यावे.

सहा आठवड्यांची तयारी

रोज चाळीस मिनिटे पुरतात, पण ती रोज हवीत. पंधरा मिनिटे एक-दोन चालींत मात किंवा मोहरा जिंकण्याची कोडी, पंधरा मिनिटे वरच्या दोन डावांपैकी एक, आणि दहा मिनिटे अंतिम टप्प्याचा सराव. अंतिम टप्प्यात राजा-प्यादे विरुद्ध राजा, आणि एका हत्तीने मात, एवढे दोन प्रकार डोळे मिटून आले पाहिजेत. वजिराच्या प्याद्याचे डाव लांब जातात आणि बहुतेक तिथेच निकाल लागतो.

पहिल्या दोन आठवड्यांत चाली लिहायला शिकावे आणि पहिली पाच पावले पक्की करावीत. तिसऱ्या आठवड्यात वरचे तिन्ही सापळे दोन्ही बाजूंनी खेळून पाहावेत. चौथ्या-पाचव्यात दोन डाव आणि रचना. सहाव्या आठवड्यात प्रत्येकी अर्ध्या तासाचे किमान सहा सराव डाव, घड्याळ लावून आणि चाली लिहून. घड्याळ नसेल तर मोबाइलमधले मोफत घड्याळ चालते. समोर कुणी नसेल तर लिचेससारख्या मोफत ॲपमध्ये नेटवर्कशिवायही संगणकाशी खेळता येते. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडची वाट बंद होते त्या दिवसांतही ही तयारी थांबत नाही.

सराव डावांपेक्षाही मोलाचे काम पुढचे आहे. हरलेला डाव त्याच रात्री परत मांडावा. चूक कुठल्या चालीला झाली ते वहीत लाल शाईने लिहावे. तीच चूक तीनदा दिसली, तर पुढच्या आठवड्याचा अभ्यास तोच.

स्पर्धेच्या दिवशी

जिंकता येणारे डाव नियम माहीत नसल्यामुळे जातात. म्हणून हे नियम तोंडपाठ असावेत. ज्या मोहऱ्याला हात लावला तो खेळावाच लागतो. मोहरा फक्त नीट ठेवायचा असेल तर आधी तसे बोलून दाखवावे. किल्लेकोट करताना आधी राजाला हात लावावा, हत्तीला नव्हे, आणि तो एकाच हाताने करावा. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबावे. चाल आधी खेळावी, मग लिहावी. क्लासिकल डावात बेकायदा चाल केली तर पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात, दुसऱ्या वेळी डाव जातो. मोबाइल बंद करून पालकांकडे द्यावा. खेळ चालू असताना तो वाजला तर डाव गेला. काही शंका आली तर समोरच्याशी वाद घालू नये, घड्याळ थांबवून हात वर करावा आणि पंचांना बोलवावे.

वेळेचा हिशेब सोपा ठेवावा. पहिल्या दहा चालींना एकूण वेळेचा दहावा भाग. मोहऱ्यांची मारामारी सुरू होते तिथे सर्वांत जास्त वेळ. चाल सुचली तरी हात टेबलाखाली ठेवून एकच प्रश्न विचारावा, आता समोरचा शह देऊ शकतो का, मारू शकतो का? बी४ वरचा शह याच प्रश्नाने दिसतो.

जिल्ह्याबाहेरच्या खुल्या स्पर्धेला जायचे असेल तर आदल्या दिवशी पोहोचावे. रात्रीच्या बसने सकाळी उतरून थेट पटावर बसलेले मूल तिसऱ्या तासाला पेंगते. उन्हाळी स्पर्धा असेल तर चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो हे ध्यानात धरून पाणी, लिंबू-साखर आणि चणे-गूळ जवळ ठेवावेत. दोन फेऱ्यांच्या मध्ये पोटभर जेवू नये. खुल्या स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीच्या असतात, म्हणजे पहिली फेरी हरली तरी सगळ्या फेऱ्या खेळायला मिळतात. हरलो म्हणून घरी परतणे ही त्यात सर्वांत महागडी चूक. मानांकन हवे असेल तर स्पर्धा जागतिक संघटनेची मान्यता असलेली आहे का ते प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी पाहावे, आणि अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी आधीच करावी. मानांकित खेळाडूंशी पाच डाव झाले की पहिले मानांकन निघू शकते. मार्च २०२४ पासून त्याची किमान पातळी १४०० आहे.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. शाळेच्या वाचनालयात किंवा आश्रमशाळेच्या वसतिगृहात एका टेबलावर एक पट कायम मांडलेला ठेवावा. त्यावर रेक्याविकच्या सहाव्या डावाची सातव्या चालीची जागा लावावी आणि शेजारी वही-पेन ठेवावे. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलाने काळ्याची पुढची चाल आणि तिचे कारण त्यात लिहावे. शनिवारी सगळ्यांनी बसून ती उत्तरे वाचावीत, मग बी६ आणि घोडा ई४ या दोन्ही चाली खेळून पाहाव्यात. यंदाच्या तालुका स्पर्धेला अजून वेळ असेल, तर हे काम येत्या सोमवारीच सुरू करावे.